मूत, चुना आणि ताकाचा ड्रम: हुडकेश्वरकडच्या एका गोठ्याचं प्रकरण

कासदाह झालेली म्हैस पाहायला मला बोलावलं होतं. इंजेक्शन देऊन बादलीत हात धूत होतो, तेवढ्यात कंपाउंडच्या भिंतीपलीकडून आवाज आला, "डॉक्टर साहेब, म्हशीचं झालं असंन तर आमच्या घरातही जरा येऊन जा." शेजारच्या काकू होत्या. घरात नेऊन त्यांनी मला दोन गोष्टी दाखवल्या. एक, देव्हाऱ्यातलं चांदीचं निरांजन. घासून आठ दिवस होत नाहीत तर पुन्हा काळं. दुसरी, खिडकीत बसवलेला कूलर. मे महिना, बाहेर ४४ अंश, आणि काकूंनी कूलर बंद ठेवलेला. "चालू केला की गोठा घरात येते," त्या म्हणाल्या.

मी पशुवैद्यक आहे, वासाचा वैद्य नाही. पण काळं पडलेलं निरांजन पाहून हे प्रकरण कुठल्या दिशेचं आहे ते कळलं. चांदी शेणाने काळी पडत नाही, हायड्रोजन सल्फाइड या सडक्या अंड्याच्या वासाच्या वायूने पडते. आणि तो वायू शेणाच्या उघड्या ढिगातून फारसा येत नाही. तो येतो जिथे पाणी साचलंय आणि हवा पोहोचत नाही तिथून.

गोठा नागपूरच्या हुडकेश्वर-पिपळा भागातला. गोठ्याचे मालक काकाजी, त्यांनी तो बांधला तेव्हा चहूकडे तुरीचं आणि सोयाबीनचं वावर होतं. आता तीन बाजूंनी लेआउट पडलेत, आणि मागे काकाजींचाच अर्धा एकर तेवढा उरला आहे, त्यात नेपियर गवत. ११ म्हशी, ३ गाई (त्यातली एक अजूनही जिद्दीने ठेवलेली देशी गवळाऊ), शिवाय वगारी-वासरं वेगळी. शेजाऱ्यांचा वासाबद्दल अर्ज गेला होता, कोणीतरी येऊन पाहून गेलं होतं आणि काकाजींना महिन्याभराची मुदत मिळाली होती. "पहिले मी आलो का हे आले?" हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. पण नाक सातबारा पाहत नाही.

आधी काय करून झालं होतं

काकाजी हातावर हात धरून बसले नव्हते. रोज सकाळी फिनाईल. दर दोन दिवसांनी नालीत आणि म्हशींच्या मागच्या जागेत चुन्याची भुकटी. आणि एका दुकानातून आणलेली जिवाणूंची बाटली, जी ते दुपारी पाण्यात मिसळून शेणाच्या ढिगावर फवारत होते. दोन बाटल्या संपल्या, वास तसाच. उलट चुना टाकला त्या संध्याकाळी डोळे झोंबायचे. त्यावरून काकाजींनी निष्कर्ष काढला होता की चुना "आतली घाण बाहेर काढून राहिला", म्हणजे तो काम करतोय.

तो खरंच बाहेर काढत होता, फक्त घाण नव्हे, अमोनिया. मूत्रातला युरिया शेणातल्या युरिएज या विकराशी भेटला की काही तासांत त्याचा अमोनिया होतो. ओलावा साधारण उदासीन असेल, पीएच (आंबट-खारेपणाचं माप) ७ च्या आसपास, तर हा अमोनिया जवळपास सगळा अमोनियम म्हणून पाण्यात विरघळून राहतो, उडत नाही. पीएच सव्वानऊच्या जवळ गेला की निम्मा वायू होऊन सुटतो. चुन्याच्या निवळीचा पीएच १२ च्या वर असतो. म्हणजे काकाजी दर दोन दिवसांनी अमोनियाला दार उघडून देत होते. माझ्याकडे पीएच पट्ट्या होत्या, रेतनाच्या कामासाठी ठेवलेल्या. चुना टाकलेल्या फरशीवरच्या ओलाव्यात बुडवली तर पट्टी गडद निळी. काकाजींनी ती पट्टी हातात घेऊन बराच वेळ पाहिली आणि एवढंच म्हणाले, "बापा, म्हंजे मीच?"

बाटलीचं काय चुकलं? जवळपास सगळंच. सकाळी ज्या फरशीवर फिनाईल ओतायचं, तिथे दुपारी जिवाणू सोडायचे. तेही मे महिन्याच्या भर दुपारी, तापलेल्या ढिगाच्या कोरड्या सालीवर. तास-दोन तासांत पाणी उडून जायचं आणि त्याच्यासोबत बहुतेक जीवही. आणि मुळात ढीग हा आरोपी नव्हताच.

नाकाचा पंचनामा

तीन दिवस मी सकाळी सहा, दुपारी एक आणि रात्री आठ अशा वेळी गोठ्यात चक्कर मारली. हातात वही, शून्य ते पाच असे गुण. सोबत काकू, आणि दुधाचे कॅन नेणारा पोरगा. काकाजींना मुद्दाम वगळलं. जो माणूस ४० वर्षं गोठ्यात वावरला त्याच्या नाकाला गोठ्याचा वास लागतच नाही. हा दोष नव्हे, नाकाचा स्वभावच तसा आहे. पण परीक्षक म्हणून ते बाद.

वहीत जे उतरलं ते असं. शेणाचा ढीग, जवळ उभं राहिलं तर एक, फार तर दोन. म्हशींच्या मागची ओली फरशी, तीन-चार, डोळ्यांत जाणारा झोंबरा वास. मागची नाली आणि नाली जिथे उतरते तो खड्डा, पाच. सडक्या अंड्याचा, आणि त्याखाली आणखी एक आंबट-जड वास, जो कपड्यांना चिकटून घरापर्यंत येतो. हा खड्डा बरोबर काकूंच्या कूलरसमोर, १५ पावलांवर. नागपुरी कूलर म्हणजे शेवटी बाहेरची हवा ओढून घरात सोडणारा पंखा. त्याने जे समोर होतं ते ओढलं.

इथे एक हिशेब मांडावा लागतो, जो गोठेवाले सहसा मांडत नाहीत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये दुग्धशाळा आणि गोशाळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत ४०० किलोच्या जनावरामागे दिवसाला १५ ते २० किलो शेण आणि तेवढेच लिटर मूत्र धरलं आहे. चौदा जनावरांचं शेण सव्वादोनशे-अडीचशे किलो. ते डोळ्यांना दिसतं, पाटीत भरता येतं, विकताही येतं. मूतही तितकंच, पण ते फरशीवर पसरतं, धुण्याच्या पाण्यात मिसळतं आणि नालीतून "जातं". कुठे जातं हे कोणी विचारत नाही. इथे ते खड्ड्यात जाऊन बसत होतं. वर्षानुवर्षं.

अशा साचलेल्या खड्ड्यात जिवाणूंची कमतरता नसते. भरमसाट असतात, फक्त चुकीच्या जातीचे. हवा नसली की सल्फेटवर जगणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड करतात. दुसरे शेणातल्या कर्बोदकांची ब्युटिरिक, व्हॅलेरिक अशी उडनशील आम्लं बनवतात, आणि प्रथिनांच्या तुकड्यांपासून इंडोल, स्कॅटोल, पॅराक्रेसॉल. तो आंबट-जड वास यांचाच. गोबरगॅसच्या टाकीतही हवा नसते, पण तिथून बाहेर पडणाऱ्या स्लरीला वास कमी, कारण तिथे मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव ही आम्लं खाऊन टाकतात. ते हळू वाढतात, पीएच आणि तापमान सांभाळून ठेवावं लागतं. उघड्या खड्ड्यात रोज थंड पाणी, फिनाईल आणि चुना पडत असेल तर ते टिकत नाहीत. आम्लं बनतात आणि तिथेच राहतात.

म्हणून माझं म्हणणं काकाजींना असं होतं की आता कोणतीच बाटली आणायची नाही. आधी खड्डा बंद, मग मूत वेगळं, मग कोरडा माल. जिवाणूंचं नंतर पाहू.

त्यांना ते पटलं नाही. बाटली हे काम २० मिनिटांचं, आणि मी सांगत होतो नाली फोडायला. शेवटी पटवलं ते काकूंनी. भिंतीपलीकडूनच म्हणाल्या, "भाऊ, पैसे कमी पडले तर सांगा, पण हा खड्डा बुजवा." त्यानंतर काकाजींना नाही म्हणता आलं नाही.

खड्डा उपसला तो दिवस

हे जरा सविस्तर सांगतो, कारण वासापेक्षा इथली चूक महागात पडते. खड्ड्याची साय फुटली की आत अडकलेला हायड्रोजन सल्फाइड एकदम सुटतो. थोडा असतो तोवर सडक्या अंड्याचा वास येतो. फार झाला की नाकच बधिर होतं, वास "गेला" असं वाटतं, आणि माणूस आत उतरतो. दरवर्षी सेप्टिक टँकमध्ये माणसं मरतात ती अशीच, आणि त्यांना काढायला उतरलेलेही. काकाजींच्या गड्याने लुंगी खोचली होती. त्याला हात धरून मागे ओढला. खड्ड्यात कोणीही उतरायचं नाही, वाकूनही पाहायचं नाही. ट्रॅक्टरचा मड पंप लावला. दुपारी वारा असताना, जनावरं दुसऱ्या बाजूला बांधून. आदल्या दिवशी लेआउटमधल्या घरांना सांगून ठेवलं की उद्या नरक आहे, पण एकदाच. उपसलेला गाळ पातळ करून नेपियरमध्ये सोडला आणि लगेच माती ओढली. खड्डा मुरूम टाकून बुजवला.

नालीचा उतार उलटा होता, मधल्या चार फुटांत पाणी थांबायचं. तो गवंड्याने अर्ध्या दिवसात दुरुस्त केला. आता मूत नालीतून सिमेंटच्या एका लहान हौदात जातं, झाकणाच्या. तिथून रोजच्या रोज काही ढिगावर, बाकी पाण्यात मिसळून नेपियरला. साठवायचं नाही. मूत दोन-तीन दिवस तसंच ठेवलं की त्याचा पीएच आपोआप ९ कडे सरकतो आणि तोच अमोनिया परत.

धुण्याची पद्धतही बदलली. आधी फावड्याने शेण उचलायचं, खराट्याने ओढायचं, मग थोडं पाणी. पूर्वी नळीने शेणासकट सगळं नालीत ढकललं जायचं. हा एवढा बदल करून घ्यायला मला जितके दिवस लागले तितके खड्ड्यालाही लागले नाहीत. सवय ती.

मग जिवाणू

जिवाणूंबद्दल माझं मत आधीच थोडं खवचट होतं, ते लपवत नाही. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात डुकरांच्या मलमूत्रावर ३५ तयार उत्पादनं तपासली गेली होती. २००१ च्या त्या अहवालात वास खात्रीने कमी करणारी बोटांवर मोजण्याइतकी निघाली. दुसरीकडे, जपानच्या ओकिनावामधल्या र्‍युक्यू विद्यापीठातल्या तेरुओ हिगा यांनी १९८० च्या दशकात लॅक्टिक जिवाणू, यीस्ट आणि प्रकाशसंश्लेषक जिवाणू यांचं जे मिश्रण पुढे आणलं, ते जगभर गोठ्यांत आणि कोंबड्यांच्या शेडमध्ये वापरलं जातं. दोन्ही गोष्टी माहीत असल्या की माणूस प्रयोग करतो, विश्वास ठेवत नाही.

विकतचं मिश्रण आणलं नाही. २०० लिटरच्या ड्रमात पाणी, २ किलो गूळ आणि राष्ट्रीय जैविक शेती केंद्राचं वेस्ट डिकंपोजर, म्हणजे कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंचं विरजण, जे २० रुपयांच्या बाटलीत मिळायचं. आपल्याकडे नागपूरजवळ गोंडखैरीला या केंद्राचं प्रादेशिक कार्यालय आहे, आणि काकाजींच्या भाच्याकडे ड्रम आधीच लागलेला होता, त्यातलं विरजण घेतलं. वर पाच लिटर घरचं आंबट ताक. पाणी टँकरचं होतं, म्हणून क्लोरीन जावं यासाठी एक रात्र उघडं ठेवलं. रोज काठीने दोनदा ढवळायचं. सहा दिवसांनी ड्रमला आंबूस, ताडीसारखा वास आला आणि पट्टी चारच्या जवळ आली. लॅक्टिक जिवाणूंचं मुख्य काम हेच आहे. ओलावा आंबट ठेवला की अमोनिया अमोनियमच राहतो. चुन्याच्या बरोबर उलट.

ज्यांना जीवामृत माहीत आहे ते म्हणतील, यात नवीन काय. काही नाही. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधावरची मूठभर माती ही कल्पना विदर्भात घरोघरी आहे. फक्त जीवामृत पिकासाठी ओततात, आम्ही ते नालीसाठी ओतत होतो.

गोठ्यात म्हशींच्या दोन ओळी आहेत, प्रत्येकीमागे आपली नाली. म्हणून १५ दिवस डाव्या ओळीत आच्छादन आणि ड्रममधलं पाणी, उजव्या ओळीत फक्त आच्छादन. आच्छादन म्हणजे काळं पडलेलं सोयाबीनचं कुटार, जे जनावर तोंडाला लावत नाही, आणि आरा मशीनवरचा लाकडाचा भुसा. संध्याकाळी ऊन उतरल्यावर झारीने शिंपडणं. फिनाईल आणि चुना पूर्ण बंद.

पहिल्या आठवड्यात डावी ओळ उजवीपेक्षा वाईट निघाली. काकूंनी वहीत चार दिले आणि पुढे लिहिलं, "आंबोण आणि माशा". चूक माझी होती. उत्साहात मी डाव्या नालीत रोज अर्धा किलो गुळाचं पाणीही सोडायला सांगितलं होतं, जिवाणूंना खायला म्हणून. नालीच्या तळाशी हवा नव्हती. तिथे साखर मिळाली ती आमच्या जिवाणूंना नाही, आधीपासून बसलेल्यांना, आणि त्यांनी तिचं ब्युटिरिक आम्ल केलं. गूळ ड्रममध्ये संपला पाहिजे, नालीत जाता कामा नये. हे कुठल्याच बाटलीवर लिहिलेलं नसतं.

गूळ बंद केल्यावर चित्र बदललं. पंधराव्या दिवशी उजवी ओळ दोनवर होती, म्हणजे सुधारणेचा मोठा वाटा उतार, हौद आणि कुटार यांचाच. डावी ओळ एकवर, कधी शून्यावर. फरक होता, पण बाटलीवर छापतात तेवढा नव्हता. मला वाटतं याहून जास्त अपेक्षा धरणं चूक आहे. आधी नाली कोरडी केली नसती तर हा एक गुणही हाती लागला नसता.

खरा बदल ढिगात दिसला. पूर्वीचा ढीग म्हणजे निव्वळ शेणाचा ओला उकिरडा. आता शेण, कुटार, बारीक केलेली पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं), वर थोडं मूत आणि ड्रमचं पाणी, असे थर. कंबरेपेक्षा जरा उंच, लांबट. शेणात कर्बाला नत्राचं प्रमाण साधारण २० ते २५, आणि ढिगाला लागतं २५ ते ३०. ओलं मूत ओतायचं तर कोरड्या कुटाराची भर लागतेच, नाहीतर जादाचा नत्र अमोनिया होऊन उडतो. चौथ्या दिवशी खुपसलेली लोखंडी सळई दहा मिनिटांनी बाहेर काढली तर हातात धरवत नव्हती. दर आठ-दहा दिवसांनी ढीग उलटायचा. तिसऱ्या उलटणीला आत राखेसारखे पांढरे ठिपके आले. काकाजी म्हणाले बुरशी लागली, आता वाया गेलं. ती बुरशी नव्हती, ॲक्टिनोमायसिटीज होते, बुरशीसारखे दिसणारे जिवाणू. पहिल्या पावसानंतर मातीला जो वास येतो तो जिओस्मिन नावाचं द्रव्य देतं, आणि ते याच कुळातले स्ट्रेप्टोमायसिस बनवतात. काकूंनी ढिगाजवळ उभं राहून वहीत लिहिलं, "वावर".

एक गोष्ट माझ्या धंद्यातली. काकाजी दूध वाढावं म्हणून सरकी ढेप सढळ हाताने द्यायचे. म्हशीला लागतं त्यापेक्षा जास्त प्रथिन गेलं की ते युरिया होऊन मूत्रातून बाहेर पडतं. म्हणजे ढेपेचे पैसे नालीतून वाहून जातात आणि वर शेजाऱ्यांशी भांडण. ढेप थोडी कमी करून मक्याचा भरडा वाढवला. दूध घटलं नाही. यावर काकाजी आजही खूश आहेत, जिवाणूंपेक्षा जास्त.

मुदतीच्या आत पुन्हा कोणी येऊन पाहून गेलं. काही बोललं नाही, ही चांगली खूण समजायची.

जुलैत सगळं परत बिघडलं. ताडपत्री ढिगावर घट्ट बांधली होती, पाणी आत जाऊ नये म्हणून. पाणी गेलं नाही, हवाही गेली नाही. झाकण काढल्याबरोबर तोच जुना वास. ढीग फोडून त्यात भुसा मिसळला, चार बल्ल्या रोवून टिनाचं छप्पर घातलं, बाजू उघड्या ठेवल्या. आठवड्यात ढीग पुन्हा तापला. पावसाळ्यात कोरडं कुटार मिळत नाही, म्हणून या वर्षी काकाजींनी मार्चमध्येच दोन ट्रॉल्या भरून ठेवल्यात.

डिसेंबरात काकूंचा फोन आला. सकाळी सहाला वास येतो, दोन दिवसांपासून. जाऊन पाहिलं तर नाली कोरडी, हौद रिकामा, पट्टी बरोबर. मग लक्षात आलं, गडी पहाटे पाचला ढीग उलटत होता, दूध काढायच्या आधी मोकळा वेळ म्हणून. हिवाळ्याच्या पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि जड असते, वर उठत नाही. जे सुटतं ते लेआउटमध्येच पसरून राहतं. उलटणी आता दुपारी बारानंतर. गड्याला ते आवडलेलं नाही, कारण ती त्याची झोपेची वेळ.